तालुक्यातल्या सगळ्या पालकांपर्यंत शाळांची माहिती वेळेवर आणि एकसारखी कशी पोहोचवावी?

गटकार्यालय_कक्ष

नमस्कार. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मिळून १४० च्या आसपास शाळा, ११ केंद्रं (जवळजवळच्या शाळांचे गट). गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून पालकांसाठी निघणारी माहिती सध्या अशी जाते: पत्र केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर, तिथून मुख्याध्यापकांच्या, तिथून वर्गशिक्षकांच्या आणि शेवटी पालकांच्या ग्रुपवर. वाटेत कुठे पीडीएफ उघडत नाही, कुठे कुणी आपल्या भाषेत लिहून पाठवतं आणि तारीख बदलते. पावसाळ्यात तर मागच्या वर्षीचा सुटीचा आदेश फिरतो आणि निम्म्या गावांत मुलं घरी बसतात.

गटशिक्षणाधिकारी साहेबांचं म्हणणं आहे की यंदा नीट पद्धत बसवायची. वेगळा माणूस मिळणार नाही, विस्तार अधिकारी आणि गटसाधन केंद्रातला एक जण एवढंच बळ. मजकूर कसा असावा, कोणत्या मार्गाने जावा आणि पोहोचला की नाही ते कसं कळावं, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी सांगावं.

केंद्रशाळा

आधी एक करा. कार्यालयाचं पत्र जसंच्या तसं पालकांच्या ग्रुपवर टाकणं बंद. ते पत्र मुख्याध्यापकांसाठी असतं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ वाचून पालकाला आपण काय करायचं हे कळत नाही, आणि कामाची तारीख बहुधा तिसऱ्या परिच्छेदात दडलेली असते. कार्यालयातून दोन गोष्टी एकत्रच निघाल्या पाहिजेत: मूळ पत्र आणि पालकांसाठीचा पाच-सहा ओळींचा मजकूर. तो मजकूर खाली कोणीही पुन्हा लिहायचा नाही, फक्त पुढे पाठवायचा. तुमची तारीख बदलते ती शिक्षकांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. पालकांना समजेल असं काही वरून येतच नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीने सोपं करतो.

मजकुराचा क्रम ठरलेला ठेवा. कोणासाठी, काय, कधीपर्यंत, काय घेऊन कुठे जायचं, अडलं तर कोणाला विचारायचं, आणि शेवटी जावक क्रमांक. उदाहरणार्थ: ‘पाचवीच्या मुलांचे पालक: नवोदय प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. शेवटचा दिवस अमुक वार, अमुक तारीख. अर्जाला शुल्क नाही. मुलाचं आधार कार्ड, फोटो आणि मुलाची व पालकाची सही लागेल. ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. जावक क्र. …’ ‘शुल्क नाही’ हे शब्द मुद्दाम हवेत. फुकटच्या अर्जाचेही पैसे घेणारे लोक असतात, आणि खासगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशात तर ‘नंबर लावून देतो’ म्हणणारे दरवर्षी उगवतात. सोडत ऑनलाइन निघते, त्यात कोणाचा वशिला चालत नाही, हे कार्यालयाने स्वतःहून सांगितलेलं बरं.

‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ हे शब्द पूर्ण बाद. मेसेज दोन दिवसांनी पुढे गेला की ‘उद्या’ खोटा ठरतो. वार, तारीख आणि वर्ष तिन्ही लिहा. वार लिहिल्याचा आणखी एक फायदा: कोणी जुन्या मेसेजातलं नुसतं वर्ष बदललं तरी वार जुळत नाही.

आता पावसाची सुटी. ती बहुधा जिल्हाधिकारी जाहीर करतात, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून, २००५ च्या कायद्याखाली. म्हणजे मूळ आदेश तुमच्या कार्यालयाचा नसतो. तुमचं काम तो खरा आहे का ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडून पडताळून तालुक्यापुरता स्पष्ट करणं. त्यात चार प्रश्नांची उत्तरं हवीत, नाहीतर फोन थांबत नाहीत. संपूर्ण जिल्हा की काही तालुके? खासगी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयं धरली आहेत का? अंगणवाड्यांचं काय? सुटी फक्त मुलांना की शिक्षकांनाही? आदेशात जे लिहिलं नसेल ते आपल्या मनाने भरू नका, ‘आदेशात उल्लेख नाही, कळताच सांगतो’ एवढंच लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, सुटी नसेल तेव्हाही मेसेज हवा. बाहेर धो धो पाऊस, ग्रुपवर जुना आदेश फिरतोय आणि कार्यालय गप्प, अशा वेळी पालक फिरणाऱ्या आदेशावरच विश्वास ठेवणार. पावसाचा इशारा असलेल्या दिवशी रात्री ठरलेल्या वेळेला ‘अमुक वार, अमुक तारीख: शाळा नेहमीप्रमाणे भरतील’ असं पाठवा. सकाळच्या सत्राची मुलं साडेसहाला घराबाहेर पडतात, त्यामुळे पहाटेचा निरोप त्यांच्या कामाचा नाही. मुलं शाळेत आल्यावर पाऊस वाढला तर पालकांना सुटीच्या बातमीपेक्षा दुसरंच हवं असतं: मुलं शाळेतच आहेत, पालक आल्याशिवाय सोडणार नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीची मुलं कोणासोबत पाठवणार. हा मजकूर जूनमध्येच लिहून मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा. फक्त वेळ आणि शिक्षकाचं नाव भरायचं बाकी असावं.

निरोप्या

मार्गाबद्दल सांगतो. पालकांच्या ग्रुपवर सर्वांना लिहिता येतं, म्हणजे कामाचा निरोप दहा मिनिटांत ‘शुभ सकाळ’खाली गाडला जातो. सेटिंगमध्ये फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करा, आणि प्रश्नांसाठी वर्गशिक्षकांचा नंबर वेगळा द्या. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी बरेच जण सुचवतील, पण एका यादीत २५६ च नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. बाकीच्यांना गेला नाही हे तुम्हाला सहज कळतही नाही. तालुका पातळीवर व्हॉट्सअॅप चॅनेल उघडणं सर्वांत सोपं: एकतर्फी असतो, फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि जुने निरोप वर सरकवून वाचता येतात. शाळांच्या ग्रुपवर जे पोहोचेल ते चॅनेलवर पडताळता आलं पाहिजे, एवढाच त्याचा उपयोग धरा. सगळे पालक चॅनेल फॉलो करतील या भरवशावर राहू नका.

साध्या फोनसाठी एसएमएस. घाऊक एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी लागते: कार्यालयाची नोंद, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, आणि मजकुराचा साचा, तिन्ही मंजूर हवं. साच्याबाहेरचा मजकूर मोबाइल कंपनी अडवते. लिंक टाकायची तर तीही आधी नोंदवलेली हवी. म्हणून सुटी, अर्जाची मुदत, पालकसभा आणि शाळेच्या वेळेतला बदल असे चार साचे मे महिन्यातच मंजूर करून घ्या. आदल्या रात्री साचा मंजूर होत नसतो.

मराठी एसएमएसला एका भागात ७० चिन्हं मिळतात, इंग्रजीला १६०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, जागा सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शाळा’ म्हणजे चार, ‘विद्यार्थी’ म्हणजे दहा. हे बघा:

‘मंगळवार १४ जुलै: अतिवृष्टीमुळे सर्व शाळांना सुटी. -गटशिक्षण कार्यालय’

ही ६८ झाली, एका भागात बसते. सुरुवातीला ‘दिनांक’ घातलंत की ७५ होतात, निरोपाचे दोन भाग पडतात आणि खर्च दुप्पट. (दोन भाग झाले की प्रत्येकात ७० नव्हे, ६७ च मिळतात.) वर्ष हवं असेल तर ‘सर्व’ काढा, नेमकी जागा होते. पण अनुदानित, खासगी धरून सर्वच शाळा बंद असतील तर ‘सर्व’ ठेवा आणि ‘-गटशिक्षण कार्यालय’ काढा, कारण हेडरवरून पाठवणारा कळतोच.

नंबर कोणाचा आहे तेही बघा. हजेरीपटावर बहुतेक वेळा वडिलांचा नंबर असतो आणि वडील कामाला बाहेरगावी. आईचा किंवा आजी-आजोबांचा दुसरा नंबर जूनमध्ये घ्या, दिवाळीनंतर पुन्हा तपासा. सिमकार्डं बदलतात.

व्यवस्थापन_सदस्य

फोनवर सगळा भार टाकू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. ही तयार माणसं आहेत, पण त्यांना बहुतेक ठिकाणी सहीपुरतं बोलावतात. महिन्याच्या बैठकीचा पहिला विषय ‘कार्यालयाकडून आलेली माहिती’ असा कायमचा ठेवा. मुख्याध्यापकांनी वाचून दाखवायचं आणि कोणत्या वस्तीत कोण सांगणार ते इतिवृत्तात नावासह लिहायचं. म्हणजे पोहोचलं की नाही हा तुमचा तिसरा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. शिवाय पालकांचे प्रश्न त्याच इतिवृत्तातून केंद्रप्रमुखांकडे यावेत, आणि पुढच्या बैठकीआधी उत्तर. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, पण लेखी.

शाळेच्या दर्शनी फलकावर ए-फोर कागद चिकटवला तर आठ फुटांवरून वाचता येत नाही. फळ्यावर खडूने मोठं लिहा, तारीख उलटली की पुसा. शिळा फलक दिसला की लोक फलक बघणंच सोडतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला पालक तसेही जमतात, त्या दिवशी ग्रामसभाही असते. पटसंख्या, मंजूर शिक्षक, प्रत्यक्ष शिक्षक, रिकाम्या जागा, वर्गखोल्यांची स्थिती हे एका पानावर तिथे वाचा.

कमीपणाची माहिती लपवू नका, विशेषतः शिक्षकांची. प्राथमिकच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे आणि पालकांना ते बाहेरून कळतंच. जागा रिकामी असेल तर तोपर्यंत वर्ग कोण सांभाळतोय ते सांगा. कमी पटाच्या शाळेबद्दल कुजबुज सुरू झाली तर पहिल्याच आठवड्यात समितीला बोलावून काय ठरलंय आणि काय ठरलेलं नाही ते सांगा. उशीर केलात की पालक दाखले काढायला लागतात, पट आणखी घसरतो आणि अफवा स्वतःला खरी करून घेते.

गटकार्यालय_कक्ष

सगळ्यांचे आभार. दोन शंका. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बरीच आहेत, शिवाय एका केंद्रात कोरकू बोलणाऱ्या वस्त्या. त्यांचं काय करावं? आणि लाभार्थ्यांच्या याद्या ग्रुपवर टाकल्या तर चालतात का?

केंद्रशाळा

यादीचं आधी. नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत जात, आधार क्रमांक, बँक खातं असं सगळं असतं आणि तेच पान फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर येतं. तिथून ते कुठेही जातं. ज्याचं नाव आहे त्याच्या पालकांना वर्गशिक्षकांनी वेगळं कळवावं. ग्रुपवर फक्त ‘यादी आली आहे, शाळेत येऊन बघा’. मुलांचे फोटोही पालकांच्या लेखी संमतीशिवाय तालुक्याच्या चॅनेलवर नकोत. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालील सगळी मुलंच धरली आहेत.

ऊसतोडीचे निरोप दसऱ्याआधी गेले पाहिजेत, टोळ्या निघाल्यावर नव्हे. सांगायचं एवढंच: मूल मागे ठेवणार असाल तर हंगामी वसतिगृहासाठी नाव कधीपर्यंत द्यायचं, सोबत नेणार असाल तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिकणं चालू ठेवता यावं म्हणून शाळा देते ते) घेऊन जा, आणि तिथल्या शाळेने दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सोबत आपल्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) द्या. ‘जि. प. प्राथमिक शाळा, गावठाण’ अशी नावं ढिगाने असतात. क्रमांकावरून तिथल्या शिक्षकाला राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शाळा सगळं कळतं. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो.

निरोप्या

कोरकू वस्त्यांसाठी लेखी मजकूर नको, ध्वनिसंदेश करा. आवाज गावातल्याच माणसाचा, शक्यतो अंगणवाडी सेविका किंवा समितीतली आई. मराठी मजकूर समोर ठेवून शब्दशः वाचायला लावू नका, अर्थ समजावून तिला तिच्या पद्धतीने बोलू द्या. ३० ते ४० सेकंद, तारीख सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा. तयार झाल्यावर दुसऱ्या कोरकू बोलणाऱ्याला ऐकवा आणि ‘कधी, कुठे, काय न्यायचं’ हे त्याच्याकडून उलट विचारून घ्या. तिन्ही बरोबर आली तरच पाठवा.

पोहोच तपासायलाही हाच उलटा प्रश्न वापरा. निळ्या खुणा मोजण्यात वेळ घालवू नका. मोठ्या निरोपानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक केंद्रातल्या दोन शाळांच्या पाच-पाच पालकांना फोन करून ‘शेवटची तारीख कोणती?’ एवढंच विचारायचं. अकरा केंद्रांचे ११० फोन होतात, केंद्रप्रमुखांत वाटले तर प्रत्येकी दहा. ज्या शाळेत पाचांपैकी दोघांनाच सांगता आलं तिथे त्याच दिवशी निरोप पुन्हा, आणि या वेळी फळ्यावर आणि समितीमार्फत.