मदत हवी आहे: कागदी लेबलच्या सीडी-आर आणि पडून असलेली मेमरी कार्डं

नमस्कार मंडळी. बऱ्याच सीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या सीडींवर) कागदी लेबलं चिकटवलेली आहेत. ती सोलायची नाहीत हे पक्कं, कारण परावर्तक थर लेबलाच्याच बाजूला, पातळ लाखेखाली असतो आणि गोंदाबरोबर उचकटून येतो. (खालचं प्लास्टिक त्यामानाने जाड, म्हणून तिथले ओरखडे बरे!) पण कडेने सुटलेल्या लेबलामुळे तबकडी फिरताना थरथरते आणि बाहेरच्या कडेचा डेटा, म्हणजे शेवटी लिहिलेला, वाचताना अडतो. पुसणं मऊ कापडाने, मध्यातून कडेकडे सरळ, गोल नाही. ड्राइव्हचा वेग 4 एक्सवर (मूळ वेगाच्या चौपट, म्हणजे तसा कमीच) आणून डीडीरेस्क्यूने (खराब तबकडीतून डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर) इमेज, म्हणजे तबकडीची हुबेहूब प्रत, घ्यावी असा बेत आहे. सुटलेली कड आधी दाबून बसवावी की तशीच ठेवावी? ड्राइव्ह बदलून, वाचायचे उरलेले सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) कोणाला मिळालेत का?

दुसरं, मेमरी कार्डं. कार्डांतल्या फ्लॅश मेमरीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त. नुसतं वाचून तो ताजा होतो यावर माझा विश्वास नाही. सगळं उतरवून, चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून, पुन्हा लिहिणंच खात्रीचं वाटतं. हे किती काळाने करता? डबीत सिलिका जेल ठेवता का?