तिसरी यष्टी कोणासाठी? १७७५ च्या हंगामाविषयी मतभेद

मैदानवेडा

२२ मे १७७५ रोजी लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर हॅम्पशरमधल्या हॅम्बल्डन क्लबचे पाच आणि केंट परगण्याचे पाच खेळाडू यांच्यात सिंगल विकेटचा, म्हणजे एका वेळी एकच फलंदाज खेळतो असा, सामना सुरू झाला. हॅम्बल्डनचा शेवटचा फलंदाज जॉन स्मॉल खेळायला उतरला तेव्हा जिंकण्यासाठी चौदा धावा हव्या होत्या. केंटच्या बाजूने चेंडू टाकत होता सरे परगण्यातला एडवर्ड स्टीव्हन्स, ज्याला सगळे 'लम्पी' म्हणत. लम्पीचा चेंडू तीन वेळा स्मॉलच्या बॅटला चकवून थेट विकेटवर गेला आणि तिन्ही वेळा दोन यष्ट्यांच्या मधून पलीकडे निघून गेला. बेल हलली नाही, स्मॉल बाद झाला नाही, आणि त्याने चौदा धावा काढून सामना जिंकला.

त्या काळी विकेट म्हणजे बावीस इंच उंचीच्या दोन यष्ट्या आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली सहा इंचांची एकच बेल. मधल्या फटीतून चेंडू सहज जात असे. या सामन्यानंतर मधोमध तिसरी यष्टी उभी करण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढच्या काही हंगामांत हळूहळू सर्वत्र पसरली.

माझे मत असे आहे की क्रिकेटच्या इतिहासात या हंगामाचे जितके मोल केले जाते त्याहून ते पुष्कळ मोठे आहे. आधीच्या चार वर्षांकडे पाहा. सप्टेंबर १७७१ मध्ये लेलहॅम बरवेच्या मैदानावर चर्टसीचा व्हाइट विकेटच्या रुंदीएवढी बॅट घेऊन हॅम्बल्डनविरुद्ध खेळायला आला, आणि त्यानंतर बॅटच्या रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली, जी आजही तशीच आहे. फेब्रुवारी १७७४ च्या सुधारित नियमांत, चेंडू अडवण्याच्या हेतूने पाय विकेटसमोर आणणाऱ्या फलंदाजाला बाद ठरवण्याची तरतूद झाली. आपल्या 'पायचीत'चा जन्म तो. आणि १७७५ मध्ये यष्ट्यांमधली फट बुजली. सरळ टाकलेल्या चेंडूला त्याचे फळ मिळालेच पाहिजे, हे एकच तत्त्व या तिन्ही बदलांत आहे. ते बॅटच्या रुंदीने हिरावले जाऊ नये, पायाने हिरावले जाऊ नये आणि विकेटच्या रचनेतल्या दोषानेही हिरावले जाऊ नये. लम्पी एका सरदाराच्या पदरी राहणारा माळी होता. अशा माणसाच्या कौशल्यावर झालेला अन्याय खेळाने मान्य केला आणि स्वतःची रचना बदलली, याला मी न्यायबुद्धी म्हणतो. आपणां सर्वांची मते वाचायला आवडतील.

गिनीचा हिशेब

मांडणी नेटकी आहे, परंतु तिच्यातून पैसा पूर्णपणे गळाला आहे, आणि पैसा वगळून अठराव्या शतकातले इंग्लिश क्रिकेट समजतच नाही.

ज्या १७७४ च्या नियमांचा आपण गौरव केला ते पॅल मॉलवरील 'स्टार अँड गार्टर' या खानावळीत उमराव आणि धनिकांच्या समितीने तयार केले, आणि त्याच नियमांत पैजांविषयीही एक कलम आहे: एका खेळाडूच्या धावा दुसऱ्याच्या धावांशी लावल्या असतील तर वेगळे ठरले नसल्यास दोन्ही डावांच्या धावा धराव्यात. खेळाच्या नियमावलीत पैज कशी मोजावी हे लिहावे लागते, तेव्हा खेळ कोणासाठी चालला होता हे उघड आहे. मोठे सामने शेकडो गिनींच्या (गिनी म्हणजे त्या काळचे इंग्लिश सोन्याचे नाणे) बोलीवर होत असत. समितीत अर्ल ऑफ टँकरव्हिल होता, आणि लम्पी त्याच्याच पदरी होता. मैदानात ठेवलेल्या पिसावर लम्पी चार चेंडूंत एकदा तरी नेमका टप्पा टाकील अशी शंभर पौंडांची पैज टँकरव्हिलने लावली आणि जिंकली, अशी कथा सांगितली जाते.

आता पैज लावणाऱ्याच्या जागी उभे राहून त्या दिवशीचे तीन चेंडू पाहा. त्याने गोलंदाजाचा हात पारखलेला असतो, फलंदाजाची नजर पारखलेली असते, आणि त्या पारखीवर तो पैसे लावतो. चेंडू बॅटला चकवून गेला, म्हणजे त्याची पारख खरी ठरली. तरीही पैसे बुडतात, कारण दोन काठ्यांमध्ये मोकळी जागा आहे. घोड्यांच्या शर्यतीत धावपट्टीवर खड्डा सापडला तर तो बुजवतात. तो घोड्यावरच्या दयेपोटी बुजवतात असे कोणी म्हणत नाही.

त्या दिवशी लम्पीऐवजी एखाद्या गावच्या, कोणाच्याही पदरी नसलेल्या गोलंदाजाचे तीन चेंडू असे वाया गेले असते तर ती हळहळ कोणाच्या कानावर गेली असती? तिसरी यष्टी गोलंदाजाच्या उपयोगी पडली हे मला मान्य आहे. ती गोलंदाजासाठी आणली हे मला मान्य नाही.

जुनी वही

दोन्ही मतांचा पाया ज्या कथेवर आहे ती कथा कोठून येते, हे आधी पाहावे.

तीन चेंडूंची ही हकिगत आपल्याला जॉन नायरेनच्या आठवणींतून मिळते. त्या छापल्या गेल्या १८३३ मध्ये, म्हणजे सामन्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी. नायरेनचा जन्म १७६४ चा, म्हणजे सामन्याच्या वेळी तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने प्रतिस्पर्धी संघाला 'सर्व इंग्लंडचे पाच' म्हटले आहे, तर तो केंटचा संघ म्हणून नोंदला गेला आहे. सामना झाला, स्मॉलने धावा काढल्या, त्या काळात तिसरी यष्टी आली, एवढे पक्के धरावे. परंतु एकाच दुपारी तीन चेंडू गेले आणि त्यामुळे नियम बदलला, इतकी सरळ साखळी इतिहासात क्वचितच असते.

मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. सहा इंचांची ती फट निदान १७४४ च्या नियमांपासून तशीच होती. मधल्या तीस वर्षांत तिच्यातून कितीतरी चेंडू गेले असतील. मग १७७५ मध्येच ती का खुपली?

याचे उत्तर मला फलंदाजीत सापडते. पूर्वी चेंडू जमिनीसरशी घरंगळत येई आणि तो फटकावण्यासाठी बॅटही टोकाशी वळलेली असे. १७६० च्या सुमारास गोलंदाज, अर्थात खालूनच हात फिरवून, चेंडूला टप्पा देऊ लागले. उसळणाऱ्या चेंडूपुढे वाकडी बॅट निकामी ठरली, सरळ बॅट आली, आणि सरळ बॅटने विकेट राखण्याची कला ज्यांनी घडवली त्यांत जॉन स्मॉलचे नाव पहिले घेतात. तो पीटर्सफील्डचा, मूळचा चांभार आणि पुढे बॅट व चेंडू बनवणारा कारागीर होता. अशा फलंदाजाला चकवणे हेच दुर्मीळ झाले होते. जे रोज घडते ते वाया गेले तर कोणी मोजत नाही. जे दिवसभराच्या कष्टाने तीनदाच साधते ते तिन्ही वेळा वाया गेले, तर मैदानाबाहेरच्या माणसालाही सलते. म्हणून मी म्हणेन की तिसरी यष्टी न्यायबुद्धीने आणली नाही आणि पैजेनेही नाही. ती जॉन स्मॉलच्या सरळ बॅटने आणली.

माळरान

मैदानवेडा यांच्या 'अन्याय' या शब्दाला माझी हरकत आहे.

अन्याय तेव्हा होतो जेव्हा एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असतो. त्या दिवशी केंटचे फलंदाजही दोनच यष्ट्यांसमोर खेळले. चेंडू मधून गेला तर फलंदाज बाद नाही, हे लम्पीला चेंडू हातात घेण्यापूर्वी ठाऊक होते. त्या काळी पाहुण्या संघाला विकेट कोठे रोवायची हे ठरवण्याचा हक्क असे, आणि लम्पी त्या हक्काचा पुरेपूर उपयोग करून उताराची जागा निवडत असे, म्हणजे चेंडू पडताच खाली बसावा. नियमातून मिळणारा फायदा तो हक्काने घेत होता. मग नियमातून होणारा तोटा तेवढा अन्याय का?

चौदा धावा काढणाऱ्याची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. शेवटचा गडी आहे, तीनदा चकवला गेला आहे, आणि तरीही तो चौथ्या चेंडूला तितक्याच शांतपणे सामोरा जातो. लम्पीवरची हळहळ इतकी मोठी झाली आहे की स्मॉलचा विजय चोरीचा वाटू लागावा, आणि हे मला खटकते. त्याच हंगामात, जुलै महिन्यात, हॅम्बल्डनच्या ब्रॉडहाफपेनी डाउन या मैदानावर सरेविरुद्ध स्मॉलने १३६ धावा केल्या. नोंद टिकून राहिलेल्या मोठ्या सामन्यांतले हे सर्वांत जुने शतक आहे. त्याच डावात हॅम्बल्डनचा कर्णधार रिचर्ड नायरेन ९८ वर राहिला. मेमध्ये नशिबाने वाचला म्हणून ज्याची आठवण काढली जाते, त्याने दोन महिन्यांत दिलेले हे उत्तर या चर्चेत कोणाच्याही लेखी आले नाही.

सकाळची मॅच

माझी शंका अगदी साधी आहे. लहानपणी आम्ही माळावर खेळायचो तेव्हा दोन दगड ठेवून त्यांनाच स्टंप मानायचो, आणि चेंडू दोन दगडांच्या मधून गेला की खेळाडू आउट. लंडनच्या त्या जाणत्या मंडळींना एवढाच नियम का करता आला नाही? चेंडू मधून गेला तर बाद, असे लिहिले असते तर तिसऱ्या काठीची गरजच पडली नसती.

जुनी वही

ही शंका साधी नाही. मला तर ती या चर्चेतली सर्वांत मोलाची वाटते. आपण माळावर खेळलात तेव्हा चेंडू दगडांच्या मधून गेला की वरून गेला यावर किती भांडणे झाली, तेही आठवून पाहा. बावीस इंचांच्या विकेटमधून चेंडू बेलच्या खालून गेला की वरून, हे बावीस यार्डांवरून खात्रीने सांगणे पंचाला कठीण. बेल पडली हा पुरावा मात्र सगळ्या मैदानाला दिसतो. तिसऱ्या यष्टीने विकेट एका इंचानेही रुंद केली नाही, सहा इंच ती सहाच राहिली. जो चेंडू आधीही विकेटवरच होता, त्याची साक्ष देणारी वस्तू तेवढी तिथे उभी राहिली.

गिनीचा हिशेब

मग हे माझ्याच बाजूचे आहे. डोळ्यांना दिसणारा, पंचाच्या मर्जीवर न राहणारा पुरावा सर्वांत जास्त कोणाला हवा असतो? ज्याचे पैसे लागले आहेत त्याला. १७७४ च्या पायचीतच्या नियमात फलंदाजाचा हेतू पंचाने ओळखायचा होता, आणि हेतू ओळखणे म्हणजे वादाला आमंत्रण. पुढच्याच वर्षी आलेल्या सुधारणेत कोणाचा हेतू पाहावा लागत नाही, हा योगायोग मला वाटत नाही.

मैदानवेडा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माळरान यांची हरकत मी मान्य करतो. 'अन्याय' हा शब्द मी स्मॉलवर आरोप यावा अशा रीतीने वापरला, तो चुकला. उणीव विकेटच्या रचनेत होती, स्मॉलच्या वागण्यात नव्हती. जुलैमधल्या १३६ धावा तर मी पहिल्या लेखनातच आणायला हव्या होत्या.

गिनीचा हिशेब यांच्याशी मात्र मी अजूनही सहमत नाही, आणि त्याचे कारण जुनी वही यांनी ज्या गोष्टीवर संशय घेतला तिच्यातच आहे. ही हकिगत आपल्याला कोणी सांगितली? जॉन नायरेन हा रिचर्ड नायरेनचा मुलगा, म्हणजे हॅम्बल्डनच्या कर्णधाराच्या घरातला. जिंकलेला संघ त्याचा, जिंकून देणारा फलंदाज त्याच्या बालपणीचा आदर्श. घरातल्या विजयाची गोष्ट सांगताना माणूस विजय सांगून थांबतो. नायरेन थांबत नाही. गोलंदाजाचा सर्वांत सरळ चेंडूच वाया जावा हे त्याच्यावर फार कठोर झाले, असे तो प्रतिस्पर्ध्याविषयी लिहितो. तपशिलात त्याची स्मृती चुकली असेल, तरी अठ्ठावन्न वर्षे त्या घरात ही हळहळ जपली गेली होती, आणि तिच्यात कोणाची गिनी अडकलेली नव्हती. १७७१ मध्येही असेच दिसते. रुंद बॅटविरुद्ध हॅम्बल्डनच्या ज्या तिघांनी, म्हणजे थॉमस ब्रेट, रिचर्ड नायरेन आणि जॉन स्मॉल यांनी, सही करून तक्रार नोंदवली, त्यांचा संघ तो सामना एका धावेने जिंकलेला होता.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्या यष्टीमुळे डाव लवकर संपतील अशी भीती त्या वेळी पुष्कळांना वाटत होती. नायरेनने उलट मत नोंदवले आहे की फलंदाज दुप्पट काळजीने खेळू लागेल आणि खेळ सुधारेल, आणि पुरावा म्हणून त्याने हॅम्बल्डनचा फलंदाज जेम्स आयलवर्ड याचा दाखला दिला आहे. जून १७७७ मध्ये सेव्हनओक्सच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध आयलवर्ड बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास खेळायला उतरला तो शुक्रवारी दुपारी तीननंतर बाद झाला, १६७ धावा करून. हॅम्बल्डनच्या ४०३ धावा झाल्या आणि इंग्लंड एका डावाने हरले.

माळरान

हे मला पटले. विशेषतः १७७१ चा दाखला, कारण तिथे तक्रार करणाऱ्यांत स्वतः स्मॉल आहे. बॅटच्या रुंदीविरुद्ध सही करणारा माणूस चार वर्षांनी यष्ट्यांमधल्या फटीने वाचला, ही गोष्ट त्याच्या मनालाही लागली असेल असे मला वाटते, जरी त्याचा पुरावा देता येणार नाही.

गिनीचा हिशेब

मी माझे मत सोडत नाही. खेळाडूंना हळहळ वाटली हे खरे, आणि ती मनापासून होती हेही मानतो. पण हळहळीचा नियम व्हायला खानावळीतल्या मेजापर्यंत पोचणारा कोणीतरी लागतो, आणि त्या मेजावर पैजेचे कलम लिहिणारीच माणसे बसलेली होती.

सकाळची मॅच

वाचताना एक गोष्ट ध्यानात आली ती लिहितो. आपण मराठीत 'त्रिफळा उडाला', 'त्रिफळाचीत' म्हणतो. तीन यष्ट्या इतक्या गृहीत धरून हा शब्द झाला आहे की दोन यष्ट्यांच्या काळातल्या बाद फलंदाजाला काय म्हणावे, हे मला सुचत नाही. रविवारी सामना आहे; मधली यष्टी रोवताना या वेळी लम्पीची आठवण नक्की होईल.