चौरागड चढलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

यंदा महाशिवरात्रीला बाबांना पचमढीजवळच्या चौरागडावर, महादेवाला न्यायचं आहे. वय ६६, उजवा गुडघा दुखरा. बहिणीच्या आजारपणात नवस बोललेला त्रिशूळ चढवायचा राहिलाय आणि तो त्यांना स्वतःच्याच खांद्यावर न्यायचा आहे. गाडी, मुक्काम यांची चिंता नाही. बड्या महादेवाच्या गुहेपासून वर तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या आपल्याकडच्या माणसांना कशा गेल्या ते सांगा. म्हातारं माणूस सोबत होतं त्यांनी तर नक्कीच लिहा.
(मोर्शी तालुका)

आम्ही २१ किलोचा त्रिशूळ नेला होता, गावच्या लोहारानं घडवलेला, तिन्ही टोकांना लिंबं खोचलेली. आमच्या घरचा नियम असा की वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, म्हणून चौघं आळीपाळीनं. आम्ही पोरं पहिल्या तीनशे पायऱ्या धावतच गेलो आणि मग बसलो. काका मागून एकाच चालीनं आले, दर वळणाला 'हर बोला हर हर महादेव' म्हणत. त्यांनी तेव्हा सांगितलेलं आजही पाळतो: आरोळी द्यायला दम उरला पाहिजे, उरला नाही म्हणजे चाल जास्त झाली. दुपट्ट्याची चौघडी खांद्यावर होती, तरी लोखंडाच्या धारेनं कातडं सोललं. दांडा चौकोनी होता, तिथंच चुकलं.

वर देवळाजवळ त्रिशूळांचं रानच आहे. गंजून काळे पडलेले, कालचे चकचकीत, बोटाएवढे, माणसाहून उंच. आपला उभा केला आणि दोन पावलं मागं सरलो, तर कोणता आपला ते ओळखू येईना. काका मात्र बराच वेळ एका दांड्यावर हात ठेवून उभे होते.
(वरूड)

चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी घ्या. माझी आई वर नीट पोचली, दर्शन झालं, आनंदात होती. उतरताना निम्म्यावर मांड्या लटलट कापायला लागल्या. खाली येताना दर पायरीला सगळा भार मांडीनं आवरावा लागतो आणि तोवर ती चढून थकलेली असते. मग आडवं उभं करून, एक पाय, मग दुसरा, असं उतरवलं. चढायला अडीच तास लागले, उतरायला त्याहून जास्त. काठी घरूनच न्या.
(काटोल)

ऐन शिवरात्रीच्या दिवशी नको. चार दिवस आधी जा. गर्दीत थकलेल्या माणसाला पायरीवर टेकायलाही जागा मिळत नाही.
(तिवसा)

आजी सांगते तसंच लिहून देतो:

"आमच्या वक्ती मोटारी कमी. जुन्नारदेवले 'पहिली पायरी' म्हनतात त्या देवळाचं दर्शन करून आमी पायीच निंघो. वाटेतलं भुराभगतचं ठाणं करो, मंग चौरागड. सांजीले गोवऱ्या पेटवून रोडगे भाजो, संग वांग्याची भाजी. पायाले फोड आले तं एरंडाचं तेल लावो अन् सकाऊन पुन्हा चालो. आता तुया बाबाचं आयक बापू. बुढा तिरसूल घेतो म्हनते तं नाही म्हनू नको, त्याचं मन मोडते. खालून तू घे. शेवटच्या शंभर पायऱ्या त्याच्या खांद्यावर दे. देवाले तेवढं पोचते."
(चांदूर बाजार)

नागपंचमीची नागद्वारीची यात्रा आणि हे एक समजू नका. वडिलांना कोणी 'तिकडंही जाऊ' म्हटलं तर थांबवा. ती वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली, यात्रेपुरतीच उघडते. भर पावसात दिवसभराची चाल, ओढे, चिखल आणि लोखंडी शिड्या. मी तिशीत असताना गेलो, एका शिडीवर पाय घसरला आणि वरच्या अनोळखी बाईनं मनगट धरलं म्हणून हे लिहितोय. चौरागडाला निदान पायऱ्या आहेत.
(नरखेड)

सगळ्यांचे आभार. बाबांना आजीचं बोलणं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "शंभर कमी होतात, दोनशे दे." दीडशेवर ठरलं. आजच लोहाराकडे जाऊन आलो. पाच किलोचा सांगितला, दांडा गोल.
(मोर्शी तालुका)