मदत हवी आहे: १९७८ ची पद्मिनी सुरू झाली, ब्रेकपाशी घोडं अडलंय

नमस्कार मंडळी,

सांगलीला मामांच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षं धूळ खात होती. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगलाच. "ने बाबा, नाहीतर भंगारवाला नेईल," म्हणाले.

इंजिनाने फार छळलं नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि चौथा गिअर टाकून मागून हळूच ढकलली, इंजिन फिरलं. ठिणगीचे पॉइंट घासून गॅप लावला, कंडेन्सर नवा टाकला. टाकीत नुसता गाळ, म्हणून तूर्तास बाटलीतून पेट्रोल देतोय. धूर ओकत का होईना, चालते.

ब्रेकला चारही चाकांना ड्रम. गंजून बसलेले व्हील सिलिंडर (चाकातले, शू ढकलणारे) बदलले, मास्टर सिलिंडरला (पेडलचा दाब ऑइलला देणारा) रबराचं किट टाकलं, डॉट ३ ब्रेक ऑइल भरून पाइपातली हवा काढली. तरी पहिल्या दाबाला पेडल पार खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि एकदम घट्ट. शिवाय पुढचं डावं चाक पेडल सोडल्यावरही धरून राहतं. त्याचा हवा काढायचा निपल ढिला केला की ऑइलची पिचकारी उडते आणि चाक मोकळं! मिस्त्री म्हणतात मास्टरच बदला. पण दोष मास्टरचा असता तर चारही चाकं धरली असती ना?

प्रतिसाद:

बरोबर बोललात. त्या चाकाचा रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) आतून फुगलाय. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, शूच्या (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) स्प्रिंगला ते परत ढकलवत नाही. होज बाहेरून धडधाकट दिसेल, त्यावर जाऊ नका. आणि हिला ब्रेकचं एकच सर्किट. एक होज फुटला की सगळेच ब्रेक गेले. तेव्हा बाकीचेही बदला.

पेडल दुसऱ्या दाबाला घट्ट लागतंय म्हणजे हवा नसावी, हवा असती तर लिबलिबीत लागलं असतं. शू ड्रमपासून लांब आहेत. जॅकवर चाक फिरवत शू घासेपर्यंत जवळ आणा, मग किंचित मागे घ्या. चारही झाले की पेडल दाबून धरा. हळूहळू खाली बसलं आणि कुठे गळती नसली, तर मात्र मिस्त्रींचं ऐका.

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईतून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, तरी होजसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारून बघा. जुना होज नमुन्याला न्या. 'ओरिजिनल जुना स्टॉक' म्हणून कुणी रबर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. रबर नुसतं पडूनही कडक होतं.