'सक्षमीकरण' की 'सबलीकरण'? चित्रपट-परीक्षणाच्या निमित्ताने

प्रश्न : कोल्हापुरात नुकत्याच पाहिलेल्या एका कौटुंबिक चित्रपटाचे परीक्षण मी लिहीत आहे. नवरा दुकान काढून देतो आणि नायिका ते चालवते, अशी त्याची कथा आहे. त्याला महिला सक्षमीकरणाचा चित्रपट म्हणावे की सबलीकरणाचा?

उत्तर : ताई, व्यवहारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात; 'सबलीकरण' म्हणताना मागे 'अबला' उभी राहते, म्हणून मी 'सक्षमीकरण' पसंत करतो. परीक्षणासाठी मात्र दोहोंतील 'करण' अधिक महत्त्वाचे आहे. संस्कृतातील च्वि प्रत्ययाने 'पूर्वी नव्हते ते तसे करणे' असा अर्थ येतो आणि 'सक्षम'चे 'सक्षमी' होते. करण आले की करणारा आला. 'कृ' (करणे) या धातूऐवजी 'भू' (होणे) हा धातू जोडला, तर 'बाष्पीभवन'सारखा आपण होऊन घडणाऱ्या बदलाचा शब्द मिळतो. 'सक्षमीभवन' रूढ नाही, पण चित्रपट पाहताना हा भेद मनात असावा.

करण कमी प्रतीचे असते, असे मी म्हणत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हा कर्ती राजसत्ता होती. वाट तिने मोकळी केली, चालायचे की नाही हे त्या स्त्रीकडे राहिले. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यात काढलेल्या 'कुंकू'मध्ये (1937) शांता आपटे यांची नायिका वृद्ध नवऱ्याला पती मानण्यास ठाम नकार देते. तो नकार सर्वस्वी तिचा आहे; परंतु अखेरीस नवराच आत्महत्या करतो आणि तिच्या सुटकेचे कर्तेपण त्याच्याकडे जाते. उलट 'उंबरठा'मधील (1982) सुलभा परत आलेल्या घरातून पुन्हा बाहेर पडते, तो निर्णय तिला कोणी बहाल केलेला नाही. 'स्त्रीप्रधान' हे विशेषण दोन्ही चित्रपटांना लागू पडते आणि म्हणूनच ते परीक्षकाच्या फारसे उपयोगाचे नाही. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे 'खमकी' हेही स्वभावाचे वर्णन आहे. खमक्या बाईच्या हातीही सत्ता नसू शकते.

तुमच्या चित्रपटात माल कोणाकडून घ्यायचा, उधारी कोणाला द्यायची आणि गल्ल्यातल्या पैशांचे काय करायचे, हे कोण ठरवते?

प्रश्नकर्ती : सर, ती गिऱ्हाईक उत्तम सांभाळते, पण उधारी देण्याआधी नवऱ्याला फोन करते. रात्री गल्ला मोजून त्याच्या हाती देते आणि तिथे पार्श्वसंगीत विजयाचे वाजते.

उत्तर : मग 'सक्षमीकरण' हा शब्द तुमच्या परीक्षणात दिग्दर्शकाचा दावा म्हणूनच यावा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'अर्थार्जन' लिहा, कारण ती कमावते एवढेच पडद्यावर सिद्ध झाले आहे. 'स्वावलंबन'ही येथे बसत नाही. गल्ला मोजण्याचा तो प्रसंग संगीतासह सविस्तर लिहावा. चित्रपटाचा दावा आणि त्याची कथा नेमके तिथेच एकमेकांपासून फुटतात.