फवारणी करूनही गोठ्यात गोचीड परत येतात, संकरित गायींना गोचीड ताप – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मोहोळ तालुक्यातली. घरी ऊस, थोडी ज्वारी आणि संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायींचा गोठा. शिवाय सासऱ्यांची खिलार बैलजोडी. गोठ्याचं सगळं मी आणि सासूबाई बघतो, घरात रोजचा पैसा येतो तो दुधाचाच.

यंदा पहिल्या पावसानंतर आमची एक पहिलारू कालवड गोचीड तापानं गेली. ताप १०६ फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, वैरणीला तोंड लावत नव्हती, डोळ्यांची आतली कड पांढरीफटक. डॉक्टरांनी रक्ताची काचपट्टी तपासायला पाठवली, त्यात थायलेरिया, म्हणजे गोचीड तापाचा जंतू निघाला. इंजेक्शन झालं, पण तोवर अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. नंतर दुसऱ्या एका गायीला ताप भरला. तिला त्याच दिवशी ब्यूपारव्हॅक्वोनचं इंजेक्शन मिळालं आणि ती वाचली. दूध मात्र निम्म्यावर आलं ते अजून चढलेलं नाही.

आधी सायपरमेथ्रिन फवारलं, मग दुकानदारानं सांगितलं म्हणून डेल्टामेथ्रिन. आठवडाभर अंग साफ दिसतं, मग कासेपाशी, शेपटीखाली, कानात परत गोचीड. म्हणून मला औषधाचं नाव नको आहे, हे जीव राहतात कसे ते समजून घ्यायचं आहे. गाईच्या अंगावर नसतात तेव्हा ते कुठं असतात? न खाता किती दिवस जगतात? आमच्याकडं उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जातो, पाऊस बेताचा. एवढ्या रखरखाटात हे मरत कसे नाहीत?

आणखी एक कोडं आहे. बैल त्याच दावणीला असतात. त्यांच्या अंगावर गोचीड अगदी तुरळक, आणि ताप कधीच नाही. असं का?

गोठ्याच्या दोन भिंती जुन्या, दगड-मातीच्या, दर्जा (दगडांच्या सांध्यांतला भराव) निघालेल्या. दिवाळीनंतर रानात मेंढ्या बसवतो. गावात काहीजण म्हणतात मेंढ्यांनीच गोचीड आणले. शेवटचं म्हणजे सासूबाई धार काढायच्या आधी कासेवरचे गोचीड हातानं उपटतात आणि नखानं चिरडतात. त्यातून माणसाला काही होतं का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा. आणखी एक जनावर घालवायची माझी तयारी नाही.

---

माणदेशी पशुवैद्य:

ताई, कालवडीचं वाचून फार वाईट वाटलं. पहिलारू म्हणजे वासरापासून वाढवलेलं जनावर.

मी बरीच वर्षं सांगोला-मंगळवेढा भागात पशुवैद्यक म्हणून काम केलंय. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी बघून सांगाल का? एक, मोठ्या गोचिडाचे पाय नीट बघा. एकरंगी आहेत, की तपकिरी पायांवर फिकट पट्टे आहेत? दोन, रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन त्या दगडी भिंतीच्या फटी आणि गव्हाणीचा मागचा भाग तपासा. गोचिडांच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीचं राहणं वेगळं. कोणता आहे ते कळल्याशिवाय घाव कुठं घालायचा ते ठरत नाही.

---

धागाकर्ती:

डॉक्टर, बघितलं. कासेवरच्या मोठ्यांच्या पायांवर पट्टे आहेत, तळहातावर घेतला तर भराभर पळतो. मानेवर आणि पोटाखाली वेगळेच आहेत, लहान, पाय आखूड, एका जागी चिकटून बसलेले. आणि भिंतीत टॉर्च मारला तर अंगावर काटा आला. दगडांच्या सांध्यात थरच्या थर बसलेत. काही फुगलेले, काही चपटे, काही ठिकाणी तपकिरी अंड्यांचे पुंजके. गव्हाणीच्या मागंही तेच.

---

माणदेशी पशुवैद्य:

म्हणजे तुमच्या गोठ्यात दोन बिऱ्हाडं आहेत.

लहान, आखूड पायांचा तो बहुतेक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या पुस्तकांतला बूफिलस. हा एकाच जनावरावर आयुष्य काढतो. सहा पायांचं पिल्लू गाईवर चढतं, तिथंच दोनदा कात टाकतं, मोठं होतं, आणि साधारण तीन आठवड्यांनी रक्तानं टम्म फुगलेली मादी खाली पडते. ती आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. हा बबेशिया नावाचा रोग पसरवतो, ज्यात जनावर कॉफीच्या रंगाचं मूत टाकतं. त्याचा जंतू मादीच्या अंड्यांतून पिल्लांत उतरतो, म्हणजे नवी पिढी जन्मतःच रोग घेऊन येते. याला मारायचा तर जनावराच्या अंगावरच. तीन आठवड्यांच्या आत पुन्हा फवारणी झाली, की पिल्लं मादी होऊन खाली पडायच्या आधी सापडतात. तुम्ही फक्त गोचीड डोळ्यांना दिसले की फवारत असाल, तर तोवर बऱ्याच माद्या खाली उतरून गेलेल्या असतात.

तुमची कालवड नेली तो मात्र पट्टेरी पायांचा, हायलोमा. याचं चक्र एका जनावरावर पुरं होत नाही. एका अवस्थेत रक्त पितो, खाली उतरतो, भिंतीत शिरतो, कात टाकतो, भूक लागली की परत जनावर शोधत येतो. त्यामुळे कोणत्याही दिवशी गोठ्यातले बहुतेक हायलोमा गाईवर नसतात, भिंतीत असतात. तुम्ही फवारता तेव्हा त्यातला थोडासा हिस्सा मरतो. आठवड्यानं जे दिसतात ते भिंतीतून नव्यानं आलेले. मोठा हायलोमा न खाता कित्येक महिने तग धरतो.

थायलेरियाचा प्रवासही याच रस्त्यानं होतो. आजारातून उठलेली गाय पुढं धडधाकट दिसली तरी तिच्या रक्तात जंतू थोडा उरतो. पिल्लू गोचीड तिचं रक्त पितं, जंतू घेतं, भिंतीत जाऊन कात टाकतं, आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या गाईला चावतं तेव्हा जंतू तिच्यात सोडतं. हा जंतू अंड्यांतून उतरत नाही. म्हणजे एका गाईकडून दुसऱ्या गाईकडं रोग भिंतीमार्गे जातो. भिंतीतला हा मुक्काम मोडला, की साखळी तुटली. आणखी एक कामाची गोष्ट: गोचीड चिकटल्याबरोबर जंतू सोडत नाही. त्याच्या लाळग्रंथीत जंतू तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज कास, शेपटीखाली आणि कान बघून गोचीड काढणं वाया जात नाही.

आता तुमचं उन्हाचं कोडं. हायलोमा मुळातच कोरड्या, गरम प्रदेशाचा रहिवासी आहे, सोलापूर त्याला मानवतं. मायक्रोप्लसला मात्र ओल लागते, त्याची अंडी-पिल्लं कडक उन्हात सुकून मरतात. पण संकरित गाईला उष्णता सोसत नाही म्हणून आपण उन्हाळ्यात फॉगर लावतो, खाली पाणी मारतो, भोवती नेपिअर आणि ऊस. बाहेर माळरान तापलेलं असलं तरी गोठ्याच्या कोपऱ्यात कायम सावली आणि ओल मिळते. गोचिडाला तेवढं पुरतं. पहिल्या पावसानंतर ओल वाढते, दोन्ही जाती जोर धरतात, आणि तापाच्या केसेस तेव्हाच येतात.

खिलारीचं म्हणाल तर ते वशिंडवालं देशी जनावर. गोचिडांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. कातडीची प्रतिक्रिया तीव्र, चाटून-झाडून अंग साफ ठेवणारं, त्यामुळे चिकटलेल्या पिल्लांपैकी फार थोडी मोठी होतात. शिवाय लहानपणी थायलेरियाची हलकी लागण होऊन पुढं ते टिकून राहतं. एचएफ रक्त जास्त तितका धोका जास्त. फक्त एक लक्षात ठेवा, बैल आजारी पडत नसले तरी त्यांच्या रक्तात जंतू असू शकतो. फवारणीतून त्यांना वगळू नका.

---

सांगोलेकर:

ताई, मी मेंढपाळाच्या घरातला, म्हणून मेंढ्यांवरचा आळ वाचून लिहावंसं वाटलं. मेंढ्यांनाही गोचीड लागतात, ते नाकारत नाही. पण आमचा कळप बसतो उघड्या रानात, आज इथं, चार दिवसांनी पुढं. भिंत नाही, फट नाही. तुमच्या रानात मेंढ्या बसवत असाल तर गोठ्यापासून लांबच्या पट्टीत बसवा, एवढं पुरे. नवीन गोचीड गोठ्यात येतात ते बहुतेक बाजारातून आणलेल्या जनावरासोबत. सांगोल्याच्या बाजारातून गाय आणली की आमचे वडील तिला आठ-पंधरा दिवस वेगळ्या झाडाखाली बांधत, अंग साफ करत, मगच दावणीला घेत.

आणि कोंबड्या सोडा गोठ्यात. गावठी. सकाळी दावणीखाली पडलेले फुगीर गोचीड टिपून काढतात.

---

माणदेशी पशुवैद्य:

सांगोलेकरांचं बरोबर आहे. गाईला होणारा थायलेरिया प्रामुख्यानं गाई-म्हशींतच फिरतो, मेंढ्यांना दोष देऊन उपयोग नाही. बाजाराबद्दल तर शंभर टक्के.

---

पुण्यात राहणारा बार्शीकर:

सिंधुदुर्गात गोचिडांमुळे माकडताप येतो असं बातम्यांत वाचलं होतं. आपल्याकडं तो येऊ शकतो का? आईवडील गावी जनावरं राखतात म्हणून काळजी वाटते.

---

माणदेशी पशुवैद्य:

नाही, त्याची भीती बाळगू नका. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. तो हेमाफिसॅलिस या वेगळ्या गोचिडातून पसरतो. त्याला दमट जंगल, पालापाचोळा, उंदरांसारखे लहान प्राणी आणि माकडं असा सगळा गोतावळा लागतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागा आणि रान यांत तो आहे, २०१६ पासून तिथं रुग्ण सापडत आले आहेत. बार्शी-मोहोळच्या माळावर तो परिसरच नाही.

हायलोमाबद्दल मात्र सावध राहायला हवं, आणि सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. क्रिमियन काँगो ताप हा माणसाचा गंभीर आजार हायलोमातून पसरतो. भारतात तो पहिल्यांदा जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत आढळला. गोचीड चावला किंवा तो चिरडताना त्याचा रस हाताच्या जखमेत गेला तर लागण होऊ शकते. जनावराला याचा काही त्रास होत नाही, त्यामुळे बघून कळत नाही. हा आजार दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण नखानं चिरडणं आजच बंद करा. हातमोजे घालून, चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायचा आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचा. गोचीड काढलेल्या माणसाला पुढच्या पंधरवड्यात जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडाची गोष्ट आवर्जून सांगायची.

---

धागाकर्ती:

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी रॉकेलचा डबा लगेच दावणीपाशी आणून ठेवला. आता भिंतीचं काय करू ते सांगा. आणि औषध दुधात उतरणार नाही असं काय आहे? उसातल्या हुमणीला आम्ही मेटारायझियम ही बुरशी वापरतो. ते गोचिडांवर चालतं असं कुणीतरी म्हणालं होतं, खरं आहे का?

---

माणदेशी पशुवैद्य:

भिंतीला दोन टप्पे. आधी जनावरं बाहेर काढून फ्लेमगननं (आगीचा झोत सोडणारा बर्नर) फटी भाजून काढा, सांधा न्‌ सांधा. वाऱ्याचा दिवस टाळा, वायरी बघा, जवळ कडब्याची गंजी असेल तर ती आधी हलवा. मग सिमेंटनं दर्जा भरून गुळगुळीत गिलावा आणि वर चुना. गव्हाणीच्या मागचा भाग विसरू नका, माझ्या अनुभवात लोक तोच सोडतात. उकिरडा गोठ्याला लागून असेल तर लांब न्या. जागा असेल तर पुढं मुक्त गोठ्याचा विचार करा, ऊन पडणाऱ्या उघड्या मातीत लपायला कमी जागा असते.

मेटारायझियम खरंच गोचिडांना मारतं, ती बुरशी त्यांच्या अंगावर रुजते. पण तिला ओल लागते आणि ऊन सोसत नाही. पावसाळ्यात, संध्याकाळी, गोठ्याच्या सावलीतल्या कोपऱ्यांत मारून बघा. एप्रिल-मेमध्ये पैसे वाया जातील. आणि एकट्या बुरशीवर विसंबू नका.

औषधाचं असं, की सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन एकाच घराण्यातली. एकाला सरावलेला गोचीड दुसऱ्यालाही दाद देत नाही, आणि असा सराव देशात बऱ्याच ठिकाणी झालेला आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोलून अमिट्राझसारखं वेगळ्या गटातलं घ्या. प्रमाण लेबलवर आहे तेवढंच. पातळ केलं तर दणकट गोचीड वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, दुपारचं ऊन टाळा, धार काढून झाल्यावर फवारा, पुढच्या धारेआधी कास धुवा आणि दुधाबाबत लेबलवर काय लिहिलंय ते पाळा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला देऊ नका, ते दुधात उतरतं.

थायलेरियाची लसही आहे, दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना देता येते. गाभण जनावराला देत नाहीत. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे दुकानात सहसा मिळत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा कॅन असलेल्या केंद्रात किंवा दूध संघाच्या डॉक्टरांकडं विचारा. चार-पाच घरांनी मिळून मागवली तर आणणं परवडतं. लस रोगाला अडवते, गोचिडाला नाही, तेव्हा भिंतीचं काम तिच्यामुळे चुकणार नाही.

---

धागाकर्ती:

फार आभारी आहे डॉक्टर, सांगोलेकर दादा तुमचीही. गंजी हलवायला नवरा आणि दीर रविवारी मोकळे आहेत, त्याच दिवशी भिंत भाजतो. गवंडी सोमवारपासून येतो म्हणालाय. वाचलेल्या गाईच्या रक्तात जंतू असणार, म्हणून तिला वासरांपासून लांबच्या टोकाला बांधलं आहे.

मोहोळ, कुरूल, कामती भागात कुणाला संकरित वासरांना लस द्यायची असेल तर इथं लिहा, एकत्र मागवू. आमची तीन वासरं आहेत.