पायथन ३.९ ला हाकलायची एवढी घाई का?

टर्मिनलवाला
परवाच्या, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलच्या धाग्यात एकाने लिहिलं, "३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. लायब्ररीवाल्यांनी (तयार कोडची पॅकेजं देणाऱ्यांनी) त्याच दिवशी किमान आवृत्ती ३.१० करायला हवी होती. मागे राहिले तो त्यांचा आळस." आळस हा शब्द डोक्यात गेला, म्हणून वेगळा धागा.

आमच्या सर्व्हरवर रेड हॅट ९ (लिनक्स) आहे. त्यातला सिस्टिम पायथन ३.९, आणि रेड हॅट तो २०३२ पर्यंत सांभाळणार आहे. सुरक्षेचे पॅच वेळेवर येतात. मग मेला कोणाच्या लेखी? जुनी आवृत्ती नेमकी कुठे टोचते हे एका ओळीत सांगता येत असेल तर खुशाल सोडा. मागच्या महिन्यात एका लायब्ररीने ३.९ सोडलं म्हणून डिफ (कोडमधला बदल) उघडून पाहिला. ठिकठिकाणचं 'ऑप्शनल' काढून ३.१० पासून चालणारी उभी दांडी (|) घातलीय. बास. दांडीसाठी आम्ही बाहेर!

शून्यभागाकार
रेड हॅट ९ वर ३.११ आणि ३.१२ ची अधिकृत पॅकेजं आहेत. सिस्टिम पायथन सिस्टिमच्या टूल्ससाठी असतो, तुमच्या ॲपसाठी नाही. आणि टोचतं कुठे म्हणता? ३.९ ते ३.१४ सहा आवृत्त्या, गुणिले तीन ओएस, चाचण्यांचे अठरा जॉब. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने २.१ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२४ लाच ३.९ सोडलं. तेव्हापासून ३.९ वर जुना नमपाय, बाकीकडे नवा, आणि बग कुठला हे शोधत बसायचं मी. कारण एका ओळीत मावत नाही, कारण ते एक नसतंच.

टर्मिनलवाला
पॅकेज टाकायला रूट, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लागतो. तो माझ्याकडे नाही. मागच्या वेळी एका पॅकेजच्या परवानगीला चार महिने लागले. हा माझा आळस?

खडूस_मेंटेनर
नाही, तुमच्या ऑफिसचा. पण लायब्ररी सांभाळणारा मी भुर्दंड का भरू? रेड हॅट २०३२ पर्यंत सांभाळतं, कारण त्याचे पैसे घेतं. माझ्याकडे मात्र "३.९ वर चालत नाही, तातडीचं आहे" असा तक्रारीचा इश्यू येतो, तोही रविवारी. फुकट ते पौष्टिक.

सेमव्हर_भक्त
थोडं अवांतर. सोडायचं तर सोडा, पण आवृत्तीतला पहिला, मेजर नंबर का वाढवत नाही? काही मोडलं की तो वाढवायचा, हा सेमव्हर पद्धतीचा करार. लायब्ररीची ४.२ चालत होती, ४.३ चालत नाही, आणि म्हणे सुसंगत! कसला करार हा?

शून्यभागाकार
पॅकेजच्या मेटाडेटात 'रिक्वायर्स-पायथन', म्हणजे कोणता पायथन लागतो, हे असतं. ३.९ वाल्याला पिप (पॅकेज बसवणारं टूल) आपोआप ४.२ च देतो. कोणाचं काहीही मोडत नाही. नमपायनेही २.० वरून २.१ लाच सोडलं ना?

सेमव्हर_भक्त
आपोआप! २०१७ साली 'आयपायथन' या टूलच्या ६ व्या आवृत्तीने पायथन २ सोडलं तेव्हा पिप ९ च्या आधीच्यांना हे फील्ड कळतच नव्हतं. कितीजणांचं इन्स्टॉल आपटलं आठवतंय? आणि फील्ड भरायला माणूसच लागतो. एका लायब्ररीत ३.१० मध्ये आलेलं 'मॅच' वापरलं आणि मेटाडेटा तसाच ठेवला. पिपने ३.९ वर गुमान नवी आवृत्ती चढवली. इम्पोर्टलाच सिंटॅक्स एरर, रात्री दोन वाजता, मी जागा. मेजर नंबर असता तर आमच्या पिनने (आवृत्ती बांधून ठेवणाऱ्या अटीने) अडवलं असतं.

खडूस_मेंटेनर
असं विसरणाऱ्यांत मीही आहे. सकाळी रिलीज यँक केली (मागे घेतली), माफीही मागितली. पण दर ऑक्टोबरला एक पायथन येतो, एक जातो. दरवर्षी मेजर वाढवला तर नंबर १४ झाला तरी एपीआय (लायब्ररी वापरायची पद्धत) तसाच! मग खरंच काही मोडेन तेव्हा कोण वाचणार?

सेमव्हर_भक्त
विसरायचं तुम्ही, जागायचं आम्ही. छान वाटणी आहे. मग सरळ वर्षाचा नंबर द्या, पिप स्वतः २०१८ पासून तेच करतो. निदान कराराचं सोंग तरी नको.

शून्यभागाकार
सोंग? अठरा जॉब लाल झाल्यावर रात्रभर बसून बघा, मग सोंगाच्या गोष्टी करा.

टर्मिनलवाला
अहो, धागा माझा आहे! नंबर काहीही द्या. पिप मला ४.२ देतो, ठीक. उद्या ४.२ मध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर? दुरुस्ती फक्त ४.३ ला, आणि मी भोकासकट २०३२ पर्यंत. वर्षभर तरी शेवटच्या ३.९ वाल्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच द्या, मग दांडीबद्दल अवाक्षर काढणार नाही.

खडूस_मेंटेनर
हे मागणं रास्त आहे, दुर्दैवाने. ४.२ ची ब्रँच (वेगळी शाखा) उघडी ठेवतो. पॅच तुम्ही पाठवायचे, ३.९ वर टेस्ट तुम्ही चालवायच्या, बटण मी दाबेन.

टर्मिनलवाला
म्हणजे फुकटचं काम आता माझ्याकडे. बरं. पाठवतो. त्याला रूट लागत नाही एवढं नशीब.

सेमव्हर_भक्त
आणि त्या पॅचला नंबर कोणता देणार?